जोडावर गुंडाळलेलं पान

प्रिय निळी,

हे पत्र माझा मामा तुझ्या हातात देईल तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात नळकामाच्या हत्यारांची पेटी असेल. पत्र पुरतं वाचून होईपर्यंत त्याला कामाला लागू देऊ नकोस. त्याला मी तसं सांगून ठेवलंय आणि तो पायरीवर बसून थांबायला तयार आहे. मध्येच चुरगाळून फेकावंसं वाटलं तर खुशाल फेक, पण मग उचल आणि परत उलगड. माझ्यावर चिडायची तुला सवय आहे, माझं लिहिलेलं वाचायची नाही, म्हणून एवढं बजावतोय. फोन तू माझा घेत नाहीस, दारात येऊ नकोस म्हणालीस, आणि समोर आलो तरी माझ्या तोंडाचा भरवसा मलाच नाही. कागदावर निदान खोडता येतं.

काकूंचा खोकला कसा आहे हे विचारत नाही, कारण मी सोमवारी तो स्वतःच्या कानांनी ऐकलाय. त्याच्यासाठीच लिहायला बसलो. पण आधी मला त्या मीटरवाल्याबद्दल बोलू दे. नाहीतर तो मला पत्रभर टोचत राहील आणि मी सरळ लिहू शकणार नाही.

मला त्याचं काय खुपतं सांगू? त्याचे बूट. भिंतींची ओल मोजत फिरणाऱ्या माणसाचे बूट एवढे स्वच्छ कसे राहतात? माझ्या बुटांत दुपारपर्यंत पाणी शिरलेलं असतं. त्याचा रुमाल चौकोनी घडीचा, त्याची ती दोन सुयांची डबी कातडी पाकिटात. सुया भिंतीला टोचायच्या, आकडा वाचायचा आणि हळू आवाजात सांगायचा, जणू डॉक्टरच. तू मला फोनवर सांगितलं होतंस, अगदी कौतुकानं, की त्यानं यंत्र लावून ओल मोजली. मी उलट्या हातानं भिंतीला स्पर्श करून ओल सांगतो, ते तू चार वर्षांत कुणाला सांगितलं असशील असं वाटत नाही. आणि तो तुझ्या आईला 'आई' म्हणतो. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तुमच्याकडे येतोय, मी अजून 'काकू' म्हणतो. याला तीन रविवारांत आई झाली.

तुमच्या बाथरूमच्या आरशावर त्यानं चिकटवलेला तक्ता मी पाहिला. 'स्नानानंतर पंखा तीस मिनिटे चालू ठेवावा.' 'स्नानानंतर' म्हणे. तुमच्या घरी आंघोळ करतात की अभिषेक? 'ओले कपडे आत वाळत घालू नयेत. थंड पाण्याच्या पाइपावर साठणारे थेंब कोरड्या फडक्याने पुसावेत. बेसिनखालचे कपाट दिवसातून तासभर उघडे ठेवावे.' खाली रेघ, रेघेखाली त्याची सही. सहीची काय गरज होती, सांग. तो तक्ता वाचून मला जो राग आला तो शब्दांच्या चुका सापडल्या म्हणून नव्हता. त्यात एकही चूक नव्हती म्हणून आला. मामानं मला दोन वर्षं पाठीत धपाटे घालून जे शिकवलं, ते या गृहस्थानं टाचणीच्या डोक्याएवढ्या अक्षरांत एका पानावर मांडलं होतं. बुरशीला जागा लागत नाही, अन्न लागत नाही, फक्त ओल लागते, आणि ओल जिथे सुकायला उसंत मिळत नाही तिथे ती घर करते. हे वाक्य मामाचं. त्याच्या तक्त्यात ते नव्हतं, एवढंच समाधान.

तुला आठवतं, मी कॉलेज सोडलं त्या दिवशी तू जिन्यात मला गाठलंस आणि म्हणालीस, "एकदा माफी माग, भडकू, सर घेतील परत." मी म्हणालो, चूक नसताना मागू? सरांनी सगळ्या वर्गासमोर माझं जर्नल वर धरून विचारलं होतं की हे कुणाचं उतरवलंस. ते मी उतरवलं नव्हतं. कावीळ होऊन महिनाभर पडलो होतो तेव्हा तू मला एक अख्खी वही लिहून दिली होतीस, तुझ्या त्या गळक्या शाईच्या पेनानं, बोटं निळी करून घेत. त्या वहीवरून मी शिकलो होतो. आकृत्या माझ्या होत्या, चुकासुद्धा माझ्या होत्या. तू तिसऱ्या बाकावर बसली होतीस. एक वाक्य बोलली असतीस तर पुरलं असतं. तू खाली फरशीकडे बघत राहिलीस. मी जर्नल सरांच्या टेबलावर आपटलं आणि जिन्यात तुला ते उत्तर देऊन जो निघालो तो मामाच्या दुकानात जाऊन थांबलो. याबद्दल मी तुला कधी बोललो नाही. आज बोलतोय, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

ती वही माझ्याकडे आहे. म्हणजे जे उरलंय ते. मामाच्या कामाची एक पद्धत तुला सांगायला हवी. जोड बसवला, नट आवळला की आम्ही लगेच पेटी बंद करत नाही. जोड फडक्यानं कोरडा करायचा, त्यावर शाईच्या पेनानं लिहिलेला कागद गुंडाळायचा, दोऱ्यानं बांधायचा, पाणी सोडायचं आणि मग निवांत चहा प्यायचा. चहा संपला की कागद सोडून उजेडात धरायचा. डोळ्यांना न दिसणारा थेंबही शाईला कळतो. अक्षर जिथे फुटलं तिथे जोड गळतोय. साध्या पेनाचा कागद चालत नाही, शाईच लागते. मामाला माझ्या बॅगेत तुझी वही दिसली तेव्हा त्याला गुप्तधन सापडल्यासारखं झालं. मी त्याच्या हातातून हिसकावून घेतली. तो म्हणाला, "एवढं काय आहे रे त्यात, जमिनीचा सातबारा?" तेव्हापासून इतर घरांसाठी मी स्वतः दौत आणून जुन्या वर्तमानपत्रांच्या कडांवर रेघा ओढतो. तुझ्या वहीचं पान मी फक्त एका घरी वापरलं, तुझ्या.

काकूंनी मामाला निरोप पाठवला होता की बेसिनचा पाइप गंजलाय. तू म्हणशील, ते विसरायला मी काय म्हातारी झालेय, पण मला तो दिवस तासातासानं आठवतो, म्हणून लिहितो. मामा दुसऱ्या कामावर होता, त्यानं मला एकट्याला पाठवलं. एकट्यानं केलेलं माझं ते पहिलं मोठं काम. बेसिनखालच्या भिंतीतल्या त्या चौकोनी खणाचं पत्र्याचं झाकण काढलं, जुना पाइप कापला, नवा घातला, आट्यांवर टेप गुंडाळली. भिंतीच्या पलीकडे काकूंचं शिलाई मशीन चालू होतं. पाय थांबला की मला कळायचं, त्या दोरा ओवतायत. मध्येच त्यांनी चहा आणून दिला आणि म्हणाल्या, "कॉलेज सोडलंस ते वाईट केलंस, पण हाताला वळण आलंय हो तुझ्या." मला इतकं बरं वाटलं की कपातला शेवटचा थेंबही प्यालो. तू त्या दिवशी घरीच होतीस. खिडकीत उभी राहून फोनवर बोलत होतीस. माझ्याशी दारातून दोन शब्द बोललीस, "आलास का," एवढेच, आणि मोजलं तर तेही दोनच.

त्यानंतर मी तीन आठवडे तुमच्याकडून बोलावणं यायची वाट पाहिली. आलं नाही. मग एक दिवस तूच फोन केलास आणि मी हातातलं काम टाकून तो घेतला. तू म्हणालीस बेसिनच्या बाजूला काळे ठिपके आलेत, आणि मी येतो म्हणेपर्यंत तुझं पुढचं वाक्य आलं, की काळजी करू नकोस, एक जण येणार आहे, त्याचं हेच काम आहे. मग मला फोन कशाला केलास? बहुतेक नुसतंच सांगायला. तू तशीच आहेस, जखम कुठे आहे ते न बघता हात ठेवतेस.

ज्या दिवशी आपलं भांडण झालं त्या रविवारी मी सहज आलो होतो असं तुला सांगितलं, ते खोटं. त्याच्या यंत्राचं कौतुक सांगणाऱ्या तुझ्या त्या फोनवरून तो त्या दिवशी परत येणार हे मला ठाऊक होतं. तू दार उघडलंस तेव्हा तुझ्या हातात बादली होती आणि काकूंचं मशीन खोलीच्या मधोमध सरकवलेलं. तो मास्क लावून भिंत घासत होता. ठिपके आता मशीनच्या मागच्या भिंतीवरही आले होते, काकूंची पाठ दिवसभर जिथे असते तिथे. त्यानं सुया टोचल्या, आकडा पाहिला, परत टोचल्या, आणि त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, "ही ओल बाहेरची नाही, आतून येतेय. बेसिनच्या पाइपाचा जोड एकदा उघडून पाहायला हवा." माझे कान तापले. मी म्हणालो तो जोड माझा आहे, माझा जोड गळत नाही. पुढे बरंच बोललो. बाथरूम बंद ठेवता, खिडकीला वर्तमानपत्र चिकटवता, वाफ कोंडते, थंड पाइपावर बसते, तिथून ठिपके सुरू होतात, त्यात पाइपाचा काय दोष. जगातल्या निम्म्या घरांत हे खरं असतं, म्हणून ते खरं वाटलं. आणि तेव्हा तू बोललीस. तू त्याला म्हणालीस, "हा भडकू आहे, पण कामात खोटेपणा करणार नाही. त्याचा जोड सोडून बाकीचं बघ."

निळी, त्या वाक्यासाठी मी दोन वर्षं थांबलो होतो. त्यानं मुकाट्यानं डबी मिटली आणि म्हणाला, माझं चुकलं असेल. तो भांडला असता तर बरं झालं असतं. एवढ्या सहज माफी मागणाऱ्या माणसाला मारायचं कुठे? वर काकूंनी त्याला हात पुसायला टॉवेल दिला, "घे रे बाळा" म्हणून. मग माझं डोकं फिरलं. जावई शोधताय की रंगारी, असं मी काकूंना विचारलं. काकूंना. ज्यांनी माझ्या शर्टाची बटणं न सांगता लावून दिली होती, त्यांना. तू बादली खाली ठेवलीस, दार उघडलंस आणि म्हणालीस, आईला भांडणं सोसत नाहीत, परत येऊ नकोस. मी दार आपटलं, ते मला बसमध्ये बसल्यावर ऐकू आलं.

पुढची बातमी मला मामीकडून मिळायची, ती कपडे शिवायला काकूंकडेच टाकते. मीटरवाल्यानं बुरशी धुतली, बुरशी न धरणारा म्हणतात तो रंग लावला, सगळं पांढरंशुभ्र झालं. मी दोन दिवस धड जेवलो नाही. मग तीन आठवड्यांनी मामी म्हणाली, नव्या रंगातून ठिपके परत वर आलेत. लाज वाटते लिहायला, पण मी त्या दिवशी कामावर शीळ घालत होतो. मामानं विचारलं, लग्न ठरलं काय तुझं? रंगानं बुरशी झाकली जाते, मरत नाही. आधी पाणी थांबवायचं, मग भिंत सुकवायची, मग घासायची आणि सगळ्यात शेवटी रंग. हा क्रम त्यानं चुकवला म्हणून मी खूश होतो. संध्याकाळी मामी पुढे म्हणाली, "त्या बाईचा खोकला मात्र ऐकवत नाही गं बाई." शीळ थांबली. पण मी गप्प राहिलो. त्याचं हसं होतंय तर अजून चार दिवस होऊ दे, असं मनात आलं. हे मी खोडणार नाही.

सोमवारी सकाळी दवाखान्यातला नळ बदलायला गेलो होतो. पाठीमागून खोकला ऐकला आणि वळायच्या आधीच ओळखला. काकू बाकावर बसल्या होत्या. निम्म्या झाल्यात. एक वाक्य बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागत होतं, आणि मधल्या जागेत छातीतून जो आवाज येत होता तो आमच्या धंद्यातला आहे, नळाला पाणी यायच्या आधी हवा येते तसा. मी केलेला अपमान त्या विसरल्या असतील किंवा तसं दाखवलं असेल. मला शेजारी बसवलं. म्हणाल्या, "डॉक्टर विचारतात घरात ओल आहे का. आहे म्हटलं, घराला कशी लागलीय कळत नाही. पण तू बसवलेला पाइप मात्र... छान चालतो हो. तेवढं एक काम घरात पक्कं झालंय." आणि माझ्या ओल्या बाहीवरून हात फिरवला. मी नळ अर्धा ठेवून बाहेर आलो आणि थेट मामाकडे गेलो.

मामाला सांगितलं तेव्हा तो ओरडला नाही. माझ्या पेटीतला मोठा पाना काढून घेतला आणि म्हणाला, ती भिंत सुकेपर्यंत तुला हात लावू देणार नाही. आणि पत्र तू लिही, मी सांगणार नाही. मीच येऊन दुरुस्त करतो म्हणालो होतो. तो म्हणाला, म्हणजे त्यांनी परत तुझे आभार मानावेत? तेव्हा कळलं की मनात तेच होतं.

पत्राच्या आत एक घडी घातलेलं पान आहे, ते आता उघड. तुझ्याच वहीचं आहे. उजवीकडे खाली तिसरी ओळ बघ. अक्षरं फुटून बोटाच्या पेराएवढा निळा डाग झालाय. काकूंचा चहा पिऊन झाल्यावर तुमच्या बेसिनखालच्या जोडावरून मी हे पान सोडलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं, तेव्हा तो डाग ओला होता. पाना माझ्या हातात होता. पाव फेरा दिला असता की झालं असतं, पाणी पिण्याइतकाही वेळ लागला नसता. त्याच वेळी तू खिडकीत फोनवर हसलीस आणि कुणाला तरी म्हणालीस, रविवारी ये, आई वाट बघते. माझ्यासाठी तू असं कधी हसली नव्हतीस. मला वाटलं, राहू दे थेंबभर गळत. आठवड्यात बेसिनखाली पाणी दिसेल, मला बोलावतील, मी येईन, परत येईन. झाकण लावलं, चारही स्क्रू घट्ट आवळले, पान खिशात घातलं आणि काम झालं म्हणून सांगितलं. थेंब फरशीवर आलाच नाही, भिंतीत गेला, काकूंच्या पाठीमागे. मीटरवाल्याचा आकडा पहिल्या दिवसापासून खरा होता, आणि तू मला खरा ठरवण्यासाठी त्याला खोटं पाडलंस. डॉक्टरांना हे सगळं सांग, लपवू नकोस. मामा जोड आवळेल, भिंतीचा फुगलेला गिलावा पाडेल. ती महिनाभर उघडी राहू दे, काकूंचं मशीन पलीकडच्या खिडकीत ने, आणि त्याला बोलाव, त्याच्या सुयांवरचा आकडा खाली आल्याशिवाय कुणालाही रंग लावू देऊ नकोस. हे वाक्य लिहिताना माझा हात दोनदा थांबला, तरी लिहिलं. सरांची माफी मी मागितली नाही कारण ती चूक माझी नव्हती. ही माझी आहे. काकूंना हे पत्र वाचून दाखव, त्यांना श्वास लागत नसेल अशा वेळी. माफ करायचं की नाही ते तुम्ही दोघी ठरवा, मला कळवलं नाही तरी चालेल. मामाला आता पायरीवरून आत बोलाव.

बोलावलं नाहीस तरी तुझाच,
भडकू